वाइनला पावाचा वास का येतो

संपादक साहेब, नमस्कार. तुमच्या रविवार पुरवणीत घरगुती द्राक्षाच्या वाइनची रेसिपी आलीय, त्यात चार लिटर रसाला बेकरीचं यीस्ट दोन चमचे टाका असं छापलंय, अहो एवढं टाकल्यावर वाइन नाही पावाचं पीठ होणार ना! मी न्यू जर्सीत राहतो, इथे घरी वाइन करायला परवानगी आहे (तिकडे आधी नियम बघा), माझी पहिली बॅच अशीच बिघडली, बायको म्हणाली ढोकळ्याचा वास येतोय. वाइनचंच यीस्ट आणा, 5 ग्रॅमची पुडी साधारण 20 लिटरला पुरते. पण खरी गोम गाळात आहे. बुडबुडे थांबले की यीस्ट तळाशी बसतं, ते महिनोन्महिने तसंच राहिलं तर मेलेल्या पेशी फुटून त्यांची चव वाइनमध्ये उतरते, म्हणून गाळ न हलवता वरची वाइन नळीने दुसऱ्या बाटलीत काढायची, आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायची, की परत काढायची. फडक्याने गाळून उपयोग नाही, यीस्ट त्यातून आरामात जातं आणि वर हवा लागून वाइन खराब होते ते वेगळंच. आणि 21 दिवसांत प्यायला घ्या असं लिहिलंय, ते निदान तीन महिने तरी करा हो.

एक वाचक, न्यू जर्सी