मुदत संपायच्या आत

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन मध्येच बंद झाला तो रेंजमुळे, असं मी दादाला सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याने काही विचारलं नाही. वहिनीने पोळ्या लाटता लाटता एकदा माझ्याकडे पाहिलं, तेवढंच.

आधीच लिहून टाकते, अमेरिकेतली वकिली सोडू नकोस हे मी या पत्रात म्हणणार नाही. रविवारी ते तीनदा म्हणून झालं आणि तिथेच बिनसलं. फक्त एक आठवण करून द्यायची आहे. तुझ्या पक्षकार बाईंच्या विरोधात निकाल लागून आज १९ दिवस झाले. समोर अमेरिकेचं सरकार असलं की पुनर्विचाराच्या अर्जाला ४५ दिवस मिळतात, हे तूच मागे मला समजावलं होतंस. मी कालनिर्णयवर पेन्सिलीने खूण केली आहे. अर्ज करायचा की नाही ते तुझं तू ठरव, पण मुदत अशीच बसल्या बसल्या निघून जाऊ देऊ नकोस. कोर्टातल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मुदत गेलेली माणसं मी फार पाहिली. दाराशी उभी असायची, हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळे कागद नीट घडी घातलेले, आणि शिरस्तेदार मान हलवत असायचे.

तू म्हणालीस, “आई, खंडपीठावरच्या तिघांना कुठल्या अध्यक्षाने नेमलं एवढं बघितलं की निकाल आधीच कळतो. मग मी रात्र रात्र जागून कोणासाठी लिहिते?” यावर मी लगेच सुरू झाले, ते चुकलं माझं. तुझं दुखणं खरं आहे. २०१६ साली निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून ओबामांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या न्यायाधीशांची साधी सुनावणीसुद्धा सेनेटने घेतली नाही, आणि २०२० साली मतदानाला आठ दिवस उरले असताना ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांच्या नावावर शिक्कामोर्तब केलं. हे मलाही पटत नाही. २०२२ च्या जूनमध्ये ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत नेमलेले तिघेही एका बाजूला गेले आणि गर्भपाताचा जवळजवळ पन्नास वर्षांचा हक्क संपला, तेव्हा तू दोन दिवस धड जेवली नव्हतीस. मला ते अनिरुद्धने सांगितलं, तू नाही. माणसं जन्मभरासाठी नेमायची, आणि नेमताना ती आपल्याच विचारांची आहेत ना हे पारखून घ्यायचं, असं असलं तर लोकांचा विश्वास उडणारच.

पण मी न्यायाधीशांच्या शेजारी बसून जन्म काढला आहे गं. तिथून जे दिसतं ते बोर्डावरून दिसत नाही.

तू चौथीत होतीस तेव्हा एक साहेब बदलून आले. त्यांचे मामा मंत्री. बार रूममध्ये पहिल्याच दिवशी ठरून गेलं की हे सरकारचे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे दावे त्यांच्यासमोर होते, बावीस शेतकऱ्यांचे, आणि वकिलांनी पक्षकारांना सांगून टाकलं होतं की आशा ठेवू नका. मी डिक्टेशनला बसले. सगळा निकाल सरळ चालला होता. गुंठ्याच्या दराशी आले आणि थांबले. पट्टेवाल्याला पाठवून खरेदीखतांच्या नकला पुन्हा मागवल्या. चष्मा काढून एकेक नक्कल डोळ्यांशी नेऊन वाचली. चहावर जाड साय धरली होती. मग म्हणाले, “बाई, तो आकडा खोडा.” माझ्या पेन्सिलीचं टोक तुटलं, ते त्यांनी पाहिलं आणि स्वतःची पेन्सिल माझ्याकडे सरकवली. दर दुपटीहून जास्त झाला. त्या दिवशी मी कार्बन घालून तीन प्रती टाइप केल्या तेव्हा बोटं थरथरत होती. तुला शाळेतून आणायला उशीर झाला आणि तू पाराच्या कट्ट्यावर रडत बसली होतीस, तो हाच दिवस. मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

तो आकडा का खोडला? खरेदीखतं रेकॉर्डवर होती म्हणून. कोणीतरी ती मुदतीत दाखल केली होती. आशा नसताना.

बघ, परत मुदतीवर आले.

तुझ्याकडे त्या हिवाळ्यात राहिले तेव्हा बर्फाने बाहेर पडता येईना, म्हणून तुझ्या कपाटातली पुस्तकं काढून बसायची. शब्दकोश घेऊन वाचायची आणि सवयीने शॉर्टहँडमध्ये टिपणं काढायची. दोनशे पानी वही भरली आहे. काल रात्री झोप येईना तेव्हा ती काढली.

त्यात एक फोर्ड यांचं पत्र आहे. निवडून न येता अध्यक्ष झालेले, निक्सनना माफी दिली म्हणून लोकांच्या रोषाला कारण झालेले. त्यांनी एकच माणूस सर्वोच्च न्यायालयात नेमला, जॉन पॉल स्टीव्हन्स, १९७५ साली, सेनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. पुढे हे स्टीव्हन्स फोर्ड यांच्या पक्षाला नको असलेल्या बाजूला झुकत गेले आणि नव्वदीपर्यंत, २०१० पर्यंत बसले. असं झालं तर एखादा माणूस हळहळला असता. फोर्ड यांनी मरणाच्या वर्षभर आधी लिहिलं की इतिहासाने माझी कारकीर्द या एका नेमणुकीवरूनच जोखायची असेल तरी माझी तयारी आहे. हे वाचून मी खिडकीशी किती वेळ उभी राहिले होते. तू विचारलंस, काय झालं आई, आणि मी म्हणाले काही नाही, खार बघत होते.

निक्सन यांनी चार नेमले. वॉटरगेट प्रकरणात त्यांच्या संभाषणांच्या टेपा कोर्टाला द्याव्याच लागतील हा १९७४ चा निकाल आठ विरुद्ध शून्य लागला, लिहिला त्यांनीच नेमलेल्या सरन्यायाधीश बर्गर यांनी, आणि त्यांच्या चारपैकी एकजण बाजूला राहिला तरी तिघे त्या आठांत होते. पंधरवड्यात निक्सन यांना जावं लागलं. कार्टर यांच्या नशिबी तर सर्वोच्च न्यायालयाची एकही जागा आली नाही. पण खालच्या कोर्टांत त्यांनी इतक्या बायका नेमल्या, की आधीच्या सगळ्या अध्यक्षांनी मिळून नेमल्या नव्हत्या, आणि तुझ्या टेबलावर जिच्या लेसच्या कॉलरचं चित्र आहे त्या, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या गिन्सबर्ग बाईंना अपील कोर्टात बसवलं ते त्यांनीच, १९८० मध्ये. ज्या वर्षी स्वतः हरले त्या वर्षी.

हे सगळं तुला पाठ आहे, मी शिकवायला लागले. क्षमा कर. आणि उलटंही होतं, तेही माझ्या वहीत आहे. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन १८४५ ला गेले. त्यांनी बसवलेले सरन्यायाधीश टॉनी बाराच वर्षांनी ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्याच्या निकालात लिहून गेले की काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. नेमणारा मातीत गेला आणि नेमलेल्याची लेखणी चालू राहिली. याची मला भीती वाटते. तुला वाटते त्याहून जास्त वाटते, कारण तू तिथे आहेस आणि मी इथे.

मनू, भगतसिंग थिंडबद्दल तू मला सांगितलंस तेव्हा मी भाजी चिरत होते आणि सुरी तशीच हातात राहिली होती. पंजाबी माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात, पगडी घालून. १९१८ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढून घेतलं. पुन्हा अर्ज केला, १९२० मध्ये ऑरेगॉनच्या कोर्टाने पुन्हा दिलं. सरकार वर गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की हिंदू माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. तेव्हा तिकडे आपल्याकडच्या सगळ्यांनाच हिंदू म्हणायचे. निकाल लिहिला सदरलँड यांनी, ज्यांना अध्यक्ष हार्डिंग यांनी आदल्याच वर्षी नेमलं होतं आणि जे स्वतः इंग्लंडात जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेले. तीनच महिन्यांपूर्वी एका जपानी माणसाच्या प्रकरणात त्यांनीच लिहिलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. आता शास्त्राप्रमाणे थिंड कॉकेशियन ठरतोय म्हटल्यावर लिहिलं, की शास्त्र राहू दे, सामान्य माणूस गोरा कोणाला म्हणतो ते बघायचं. आधीच नागरिक झालेल्या आपल्या लोकांचीही नागरिकत्वं त्यानंतर काढून घेतली गेली. हार्डिंग यांचं नाव आज निघतं ते तेलाच्या जमिनींच्या लाचखोरीवरून. या निकालाशी त्यांचं नाव कोणी जोडत नाही. मी जोडते.

थिंडने तिसऱ्यांदा अर्ज केला. महायुद्धातल्या सैनिकांसाठी कायदा झाला आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमधून त्याला नागरिकत्व मिळालं. पहिल्यापासून अठरा वर्षं. बाकीच्या आपल्या लोकांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं.

गेल्या वर्षी तू त्या हॉलमध्ये उजवा हात वर करून उभी होतीस. इथे रात्रीचे साडेदहा वाजले होते, अनिरुद्धचा फोन हलत होता, आणि मला तुझी फक्त कुडती आणि हातातला छोटा झेंडा दिसत होता. मला वाईटही वाटत होतं, ते मी तेव्हा बोलले नाही. आपली मुलगी दुसऱ्या देशाची झाली असं वाटतंच. पण दुसऱ्या दिवशी मी गुरुजींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. आमची मनू तिथे, ज्यांना कोणी नाही त्यांच्या बाजूने कोर्टात उभी राहते. बर्वे काकू म्हणाल्या, पैसे मिळतात का त्यात? मी म्हणाले, मिळतात. कमी मिळतात हे सांगितलं नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते.

रविवारचा तुझा आवाज बाबांचा होता. शब्दसुद्धा तेच, “सगळं आधीच ठरलेलं असतं.” त्यांचं काही खोटं नव्हतं. त्या राजीनाम्यात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, मीच तो टाइप केला. त्यानंतर अकरा वर्षं ते ओट्यावर बसून राहिले, खरेपणा मांडीवर घेऊन. तू त्यांच्याशेजारी बसून पाढे म्हणायचीस. तुला ते शांत वाटायचे. ते शांत नव्हते गं. मी रात्री उठले की अंधारात त्यांची विडी दिसायची.

म्हणून मी फोनवर चढ्या आवाजात बोलले. तू थकली असशील तर थक. महिनाभर इथे ये, दादा तिकीट काढतो म्हणाला. कागद तुझ्या मैत्रिणीकडे सोपव, ती चांगली वकील आहे असं तूच म्हणतेस. नोकरी बदल. तू काहीही केलंस तरी मी गुरुजींना आणि दूधवाल्याला अभिमानानेच सांगेन. फक्त कोणी कोणाला नेमलं यावरून उठून जाऊ नकोस. तिघांपैकी ज्या एकाने तुझ्या बाजूने लिहिलं, त्याने चाळीस पानं लिहिली असं तू म्हणालीस. ती चाळीस पानं तुझ्या रात्र रात्र जागून लिहिलेल्या कागदांतूनच आली असणार ना? मला कायदा कळत नाही, पण डिक्टेशन कळतं. साहेब बोलायचे त्यातली निम्मी वाक्यं वकिलाने लेखी दिलेली असायची.

परत उपदेश झाला. यातलं खोडायचं म्हटलं तर पत्रच उरणार नाही, म्हणून असू दे.

मेतकूट आणि भाजणी दादाच्या मित्राबरोबर पाठवते आहे, तो २६ व्या दिवशी निघतो. दिवस मी आता तसेच मोजते, निकालापासून. खोकला कसा आहे? सुंठ घेतेस का? अनिरुद्धला आशीर्वाद.

आणि त्या बाईंची मुलगी शाळेत जायला लागली का? आईबरोबर कोर्टात यायची म्हणालीस, रंगाच्या पेट्या घेऊन. तुमच्या अर्जाची तारीख मी मोजली आहे ती बरोबर आहे का तेवढं कळव. निकालाचा दिवस धरायचा की दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, इथे आम्ही पहिला दिवस सोडायचो.

तुझी,
आई