बाबा, आता कुठे जाणं होत नाही म्हणालात ना?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "गुडघ्यामुळे कुठे जाणं होत नाही, अजिंक्यतारा आता गॅलरीतूनच बघायचा." तेव्हा मला काही सुचलं नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून लिहायला बसले. घाबरू नका, व्यायामाचा सल्ला नाहीये. सध्या जिच्या कविता वाचतेय त्या बाईबद्दल सांगायचंय.

मेरी ऑलिव्हर. ओहायोतल्या मेपल हाइट्समध्ये १९३५ साली जन्मली, २०१९ च्या जानेवारीत गेली. एरवी कवितेच्या वाटेला न जाणारी इथली माणसंसुद्धा तिचं पुस्तक घरात ठेवतात. १९८४ साली तिला पुलित्झर मिळालं, १९९२ साली नॅशनल बुक अवॉर्ड. केप कॉड म्हणजे मॅसॅच्युसेट्सची समुद्रात घुसलेली चिंचोळी पट्टी. तिच्या अगदी टोकाला प्रॉव्हिन्सटाउन नावाचं गाव आहे. तिथे ती चाळीसहून जास्त वर्षं राहिली आणि रोज तेच रान, तीच तळी, तोच किनारा फिरत राहिली. कवितांचा बहुतेक ऐवज त्या एवढ्याशा टापूतला.

आम्ही बॉस्टनहून बोटीने गेलो होतो, दीड तास लागतो. तिच्या कवितांत पुन्हा पुन्हा येणारं ब्लॅकवॉटर पाँड पाहिलं आणि खरं सांगू, जरा हिरमुसलेच. काळपट पाणी, त्यावर कुमुदिनीची पानं, काठाला झुडपं. आपल्या कासच्या तलावापुढे काहीच नाही! पण मग वाटलं, एवढ्यावर या बाईने पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली, म्हणजे मामला तळ्याचा नसणारच.

आता बाबा विचारणार, "पोटापाण्याचं काय?" ती मुद्दाम किरकोळ नोकऱ्या धरायची, डोकं कवितेसाठी मोकळं राहावं म्हणून. पहाटे पाचला उठायची (तुमच्यासारखीच), नोकरीची वेळ होईपर्यंत आपलं लिहून व्हायचं. पैशाची ओढाताण असायची तेव्हा किनाऱ्यावरचे शिंपले, रानातली अळंबी, बोरंबिरं वेचून भागवायची. सोबत मॉली मेलोन कुक, फोटोग्राफर. दोघींनी चाळीस वर्षांवर संसार केला. हो आई, संसारच.

एकदा रानात ओळ सुचली आणि लिहायला काही नव्हतं. तेव्हापासून तिने वाटेवरच्या झाडांमध्ये पेन्सिली लपवून ठेवल्या. बाबांनी स्कूटरच्या डिकीत, देवघरात आणि मीटरच्या पेटीवर चष्मे ठेवलेत, त्यातलाच प्रकार.

तिची सगळ्यांत गाजलेली कविता उन्हाळ्यातल्या एका दिवसाची. एक नाकतोडा तिच्या तळहातावर बसून साखर खातोय. त्याचा जबडा आपल्यासारखा वर-खाली नाही, आडवा हलतो, हे तिने टिपलंय. आई, कढीपत्त्यावर येतात त्यांतला एखादा जवळून बघ, खरंच तसंच असतं. त्या कवितेची शेवटची ओळ इथे कपांवर, डायऱ्यांवर छापतात. या एकुलत्या एका आयुष्याचं तू काय करणार आहेस, असं ती विचारते. लोक ती वाचून नोकऱ्या सोडतात, डोंगर चढायला निघतात. कवितेतल्या बाईने मात्र अख्खा दिवस गवतात लोळण्यात घालवलाय! हे कपवाल्यांच्या गावीही नसतं.

ती नुसती फुलापाखरांची कवयित्री असती तर मी एवढं लांबण लावलं नसतं. एका कवितेत ती मासा पकडते, त्याची तडफड बघते, तो चिरते आणि खाते. मग म्हणते, आता समुद्र माझ्यात आहे. माफी नाही, गळा काढणं नाही. आणि मला सगळ्यांत आवडलेली कविता तर सिंगापूरच्या विमानतळावरच्या संडासात घडते. एक बाई गुडघ्यांवर बसून भांड्यात ॲशट्रे धुतेय. कवयित्रीला आधी किळस येते, मग ती बाई मान वर करून बघते. कवितेत झाडं-पक्षी असायला हवेत हे तिथेच कवयित्री म्हणते, आणि ते झाडं-पक्षी त्या बाईच्या धुणाऱ्या हातांपाशी कसे येऊन पोचतात, ते तूच वाच.

रानहंसांची कविताही फार वाचली जाते. तू चांगलंच असलं पाहिजेस असं काही नाही, अशी ती सुरू होते. आपल्या घरात वाढलेल्या मुलीला हे वाचून किती बरं वाटतं ते सांगत नाही. आमच्या ऑफिसच्या हिरवळीवरचे हंस मात्र फक्त घाण करतात.

सगळंच ग्रेट आहे असंही नाही. उतारवयातल्या काही कविता पातळ आहेत, सुविचारांच्या फळ्याकडे झुकतात. त्या मी सरळ उलटते. पण २००५ साली मॉली गेल्यानंतर पुढच्या वर्षी आलेलं पुस्तक आईसाठी. त्यात ती एकटी आहे, फिरायला जाते, कुत्रा आहे, तळी तीच आहेत, आणि ती देवाशी बोलायला लागलीय. भजनी मंडळात चालणार नाही, पण तुला कळेल.

डिसेंबरात मावशीचा राहुल येतोय, त्याच्याबरोबर दोन पुस्तकं पाठवतेय. दुसरं कुत्र्यांवरच्या कवितांचं, ते बाबांचं. खाली बिस्किटांसाठी थांबतो त्या काळ्याला वाचून दाखवा. इंग्रजी सोपं आहे, डिक्शनरी लागणार नाही. आवडलं नाही तर तसं सांगा, फक्त सकाळी साडेसातच्या आत फोन करा, नंतर माझी झोपायची वेळ होते.

गुडघ्याचा एक्स-रे काढलात का, ते मात्र दोघांनीही टाळू नका. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाका.

तुमची,
मनू