खुले पत्र: नाईट मार्केट राहू द्या, आधी आमच्या गाड्या सोडा

माननीय पालकमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

आपण कामात असता, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. महाशिवरात्रीनंतरच्या गुरुवारी रात्री साडेदहाला अतिक्रमणवाल्यांचा ट्रॅक्टर रिंगरोडला आला आणि आमची अख्खी रांग उचलून घेऊन गेला. माझी भरीत-पुरीची गाडीही त्यात गेली. शेगडी, पातेली, मळलेलं पीठ, भाजलेली वांगी, सगळं. वांगी आम्ही घरी अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजतो आणि गाडीवर हिरवी मिरची-लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचतो. ही बडगी आजोबांची. ट्रॅक्टरमध्ये फेकली तेव्हाच तिला उभी चीर गेली. शेंगदाणेवाल्या मावशी मागे पळत होत्या, "साहेब, मन्हा तराजू तं द्या!" साहेब मोबाईलवर बोलत होते.

शहराचं नाव लिहीत नाही. आपल्या खानदेशातलं जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, कुठलंही धरा. ट्रॅक्टर सगळीकडे सारखाच असतो.

आता आठवण करून देतो. याच रस्त्यावर आपण नारळ फोडला होता. "गाडीवाल्यांना हक्काचं नाईट मार्केट देणार," असं म्हणाला होतात. दिवे, पाणी, शौचालय, पेव्हर ब्लॉक. टाळ्या आम्हीच वाजवल्या, भरीतही आम्हीच खाऊ घातलं (फुकट, हे वेगळं सांगायला नको). त्यातला तुमच्या फोटोचा फलक तेवढा आला. तो फुटपाथ अडवून उभा आहे, पण अतिक्रमणात येत नाही.

रात्रीचा बाजार म्हणजे मुंबई-पुण्याची फॅशन, असं तुमच्या अधिकाऱ्यांना वाटतं. साहेब, इथे शिमगा झाला की ऊन तापायला लागतं आणि मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, हे सरकारच सांगतं. लोक ऐकतात. दिवे लागल्यावर बाहेर पडतात, आधी भाजी घेतात, मग पोरांना कुल्फी, मग शेवभाजी. त्याच वेळी पोलिसांची गाडी शिट्टी मारत येते. २०१७ च्या कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मोकळीक दिली म्हणे. ती काचेच्या दरवाजावाल्यांना असेल. दुपारी ऊन बाहेर पडू देत नाही, रात्री शिट्टी उभं राहू देत नाही. मग आम्ही धंदा करायचा कधी?

मी शिकलेला आहे, कायदा वाचलाय. पथविक्रेता कायदा, २०१४. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. हलवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस. जप्त केलेला नाशवंत माल मागितला की त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. कारकून म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये. मग म्हणाला, पंचनामा झाला नाही. मग म्हणाला, दंड भर. भाजलेलं वांगं नाशवंत धरायचं की नाही, यावर तिथे दोघांची चर्चाही झाली! एव्हाना ते आंबलं होतं. बामणोदच्या ज्या वांग्याला आपण डोक्यावर घेता, जळगावच्या ज्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून भाषणं ठोकता, ते वांगं तुमच्या गोदामात सडलं. मानांकन वांग्याला आहे, ठेचणाऱ्याला कुठंय?

त्याच कायद्यात लिहिलंय की लोकसंख्येच्या अडीच टक्के विक्रेते शहराने सामावून घ्यायचे. शहर पाच लाखांचं धरा, साडेबारा हजार झाले. चूकभूल द्यावी घ्यावी, पण विक्रेत्यांसाठी तुम्ही आखलेल्या पांढऱ्या पट्ट्यांत पाचशे तरी मावतात का? पन्नास वर्षांहून जुना बाजार वारसा म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्यांना हलवायचं नाही, हेही त्यात आहे. आमच्या जुन्या भाजीबाजारात माझी आजी कोथिंबीर विकायची. तिथल्यांना उठवून नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर ओटे दिले. मेथीची जुडी घ्यायला जिना कोण चढतं? ओट्यांवर आता कुत्री झोपतात, कोपऱ्यात प्रचाराचे झेंडे ठेवलेत.

आणि फुकट बसतो असं कुणी म्हणू नये. रोज पावती फाडली जाते. वीस घेतात, पावती दहाची देतात. २०२० मध्ये पथविक्रेत्यांच्या स्वनिधी योजनेतून दहा हजारांचं कर्ज दिलंत, तेव्हा आम्ही आत्मनिर्भर होतो. आता अतिक्रमण आहोत. त्याच गाडीवर, त्याच जागेवर.

हे फक्त गाडीचं दुखणं नाही. सातपुड्यात होळीआधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. पिढ्यान्‌पिढ्या भरतात, कुणाच्या मंजुरीवाचून. सरकारला त्यात महोत्सव दिसतो, तंबू दिसतात, टेंडर दिसतं. १९९४ ला विकास मंडळं झाली. विदर्भाला एक, मराठवाड्याला एक, आणि आम्ही खानदेशवाले मुंबई-पुण्याच्या पंगतीत, उर्वरित महाराष्ट्राच्या मंडळात. त्यांच्या सरासरीत आमची गरिबी दिसतच नाही. आमची केळी दिल्लीला जाते, पोरं पुण्याला जातात, इथे उरलेल्याने गाडी लावली तर ट्रॅक्टर येतो. वर्षानुवर्षं पालिकांवर प्रशासक बसवलेत, तेव्हा दाद कुणाकडे मागायची होती? आता नगरसेवक आलेत तर ते म्हणतात, वरून आदेश आहे. वर म्हणजे तुम्हीच ना, भाऊ?

मागणं तसं थोडं आहे. गाड्या दंडाशिवाय सोडा. फेरीवाला समितीत कायद्याप्रमाणे चाळीस टक्के आमची माणसं घ्या, त्यात तिसरा हिस्सा बायका. रात्री बारापर्यंत शिट्टी बंद. नाईट मार्केट पुढच्या जन्मी केलंत तरी चालेल.

आणि जमलं तर पुढच्या निवडणुकीतली तुमची इथली सभा मे महिन्यात दुपारी दोनला ठेवा. तुम्ही ठेवणार नाही. संध्याकाळी सातचीच वेळ छापाल, कारण माणसं इथे केव्हा बाहेर पडतात ते तुम्हाला पक्कं माहीत आहे.

कळावे,
रिंगरोडचा एक भरीतवाला