नदीकाठच्या गावाचा इतिहास लिहिताना

मा. संपादक,

बेल्जियममधलं केल्मिस हे जर्मन हद्दीलगतचं छोटं गाव. जस्ताच्या खाणीवरून प्रशिया आणि नेदरलँड्सचं जमेना, म्हणून १८१६ साली हा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा ‘तटस्थ मोरेस्नेट’ ठरला. खाण १८८५ च्या सुमारास संपली. तटस्थपणा मात्र राहिला! १९२० मध्ये गाव बेल्जियमकडे गेलं, १९४० मध्ये जर्मनीनं गिळलं, १९४४ मध्ये सुटलं. अशा गावात घराण्याचा माग काढताना आधी साल पाहायचं, मग कुठल्या राजवटीचं दप्तर ते ठरवायचं.

वर्धा नदीकाठच्या आपल्या गावांनाही हाच नियम लागू. अमरावतीकडचा काठ वऱ्हाडाचा: १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात, सारा रयतवारीनं, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून. आर्वीकडचा काठ नागपूरकर भोसल्यांचा: १८५४ मध्ये खालसा, पुढे मालगुजारी, म्हणजे सारा गावच्या मालगुजारामार्फत. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला, तरी ही तफावत मिटली नाही. म्हणूनच वऱ्हाडातल्या रयतवारी गावाच्या स्मरणिकेत ‘मालगुजाराचा वाडा’ छापलेला दिसला की शंका घ्यावी.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावची जुनी जन्ममृत्यू नोंदवही, पाहावं. जमिनीसाठी नुसता आजचा गट नंबर देऊन अर्ज केला की तो हमखास अडतो. जुना सर्व्हे नंबर आणि मौजाचं जुनं नावही द्यावं. मोडीतली पानं वाचणारा माणूस सोबत न्यावा. ही बुकं हाताळून तुकडे पडण्याआधी प्रत्येक तहसिलीनं स्कॅन करून घ्यावीत, ही विनंती.

— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा