करवंदांसारखी जाळी, पण आंबट नाही, तुरट

लडलो (इंग्लंड), १९ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने बोटाच्या पट्टीबद्दल विचारलं तेव्हा भाजी चिरताना लागलं, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. काटा गेला होता. पण काट्यापर्यंत गेले कशाला हे सांगायचं तर 'जिन' या दारूचं नाव काढावं लागलं असतं आणि मागे आरामखुर्चीत बाबा होते. पत्रात जरा धीर येतो.

इथे शेतांच्या कडेला काटेरी झुडपांच्या दाट वया, म्हणजे कुंपणं, आहेत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावोगावची सामाईक रानं कायद्याने वाटून बंदिस्त केली, त्या वेळी त्यांतल्या बऱ्याच लावल्या गेल्या. त्यांत ब्लॅकथॉर्न नावाचं एक झुडूप असतं. मार्च-एप्रिलमध्ये त्याला पानं फुटायच्या आधीच पांढरी फुलं येतात. आता ऑक्टोबरात त्याची फळं तयार आहेत. त्यांना 'स्लो' म्हणतात. कूळ आलुबुखाराचं, आकार करवंदाचा. रंग निळा-काळा आणि वर पांढुरकी पूड, द्राक्षावर असते तशी.

मी अर्थातच पहिलं फळ तोंडात टाकलं. आई, तू खोकल्याला हिरडा चघळायला द्यायचीस ना, तसं. जीभ टाळ्याला चिकटली, बोलताच येईना. मग सवयीने दुसरं दातांनी फोडून पाहिलं, कोंबडा की कोंबडी. आतून हिरवट. तिसरं, चौथं, तीच गत. या जाळीत सगळ्या कोंबड्याच!

बाबा, तुम्ही विचारणारच की दुसऱ्याच्या बांधावरची फळं कोणाला विचारून तोडली. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाची मुलगी आहे, आधी चौकशी केली. इथल्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात लिहिलंय की आपोआप उगवलेल्या झुडपाची फळं तोडणं ही चोरी नाही, विकायला तोडली तर गोष्ट वेगळी. आणि मी उभी होते ती सार्वजनिक पायवाटेवर.

शिकवलं सगळं शेजारच्या आजींनी. वय शहाऐंशी, कान गेलेले, पण जाळीत हात घालतात तो सरळ फळावर. 'काटा मोडून आत राहिला तर लगेच काढ, सांध्याजवळ असेल तर बोट आठवडेच्या आठवडे सुजतं,' असं त्यांनी बजावलं होतं. मी दोन दिवस दुर्लक्ष केलं. (आता बरं आहे. डॉक्टरांनी काढला.)

जुनी रीत अशी की पहिलं हिव पडल्यावर फळं तोडायची, थंडीने साल सैल होते. हल्ली लोक एक रात्र फ्रीझरमध्ये ठेवतात, साल आपोआप तडकते. आजींना ते पटत नाही. त्यांच्या मते प्रत्येक फळ त्याच झुडपाच्या काट्याने टोचायचं. म्हणून रविवारी दुपारभर आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून टोचत होतो. अर्धा किलो फळं. बोटं जांभळी झाली. आजी काही बोलत नव्हत्या, मीही नाही. वालाचे बिरडे सोलायला तू आणि आपली आजी बसायचात तशी ती दुपार होती.

प्रमाण सोपं आहे. अर्धा किलो फळं, पाव किलो साखर, एक लिटर जिन. सगळं बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं, पहिला आठवडा रोज हलवायचं, नंतर आठवड्यातून एकदा. आपण रातांब्याच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतो, इथे ती अंधाऱ्या कपाटात ठेवायची. पाण्यासारखी जिन दुसऱ्याच दिवशी गुलाबी झाली. आज चौथा दिवस, रंग कोकम सरबताच्या जवळ आलाय. तीन महिन्यांनी गाळायची. बियांमुळे किंचित बदामासारखा वास येतो म्हणे. तो मला अजून यायचा आहे.

बाबा, तुमच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा जानेवारीत आले की तुम्हाला फक्त वास. आई, तुझ्यासाठी उरलेल्या फळांची सफरचंद घालून जेली केली आहे, त्यात थेंबही नाही. पोळीबरोबर खाऊन बघ. मुरांब्याशी तुलना करायची नाही, एवढी अट.

एक काम आहे. गाळायला इथल्या दुकानातलं मलमल विरळ निघालं, जेलीचा गाळ खाली उतरला. श्रीखंडाचा चक्का बांधायला तू बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा वापरतेस, तसा एखादा असेल तर पाठव. नवा नको, धुऊन धुऊन मऊ झालेला. मावसभाऊ नोव्हेंबरात लंडनला येतोय, त्याच्या बॅगेत टाक. कशासाठी ते त्याला सांगू नकोस.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावणं चालू ठेव. आणि मोतीबिंदूची तारीख ठरली की त्याच दिवशी कळव, नंतर नको.

तुमची,
मनू