अपघात परदेशात, वकील कुठला?

रविवारच्या अंकातला परदेश सहलीचा लेख वाचला, इन्शुरन्सचं सगळं सांगितलंय पण तिथं गाडीनं उडवलं तर वकील कसा गाठायचा यावर एक ओळ नाही. आमच्या जुळे सोलापुरातून कितीतरी आईवडील मुलांकडं अमेरिकेला जातात, तिकडचा वकील परवडायचा नाही म्हणून गप्प बसतात, पण तिथं अशा केसमध्ये वकील बहुतेक वेळा फी आधी घेतच नाही, भरपाईतून टक्केवारी घेतो (आपल्याकडं हे चालत नाही म्हणून पटत नाही). फक्त मुदत बघा, कॅलिफोर्नियात साधारण 2 वर्षं आणि सरकारी बसनं धडक दिली तर 6 महिन्यांतच क्लेम टाकावा लागतो. यावर एखादा लेख छापा की.

– एक वाचक, सोलापूर