अठरा पूर्ण झाल्यावर त्यांनी राहायचं कुठे?

संपादक महोदय,

सातपूरला माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. विशेष गृहातून, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात त्या गृहातून, अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडलेला एक मुलगा वर्षभर माझ्याकडे वेल्डिंग शिकतो आहे. हात चांगला बसलाय त्याचा. खोली मात्र मिळता मिळेना. भाडेकरूच्या नोंदणीचा विषय निघाला की घरमालक विचारणार, आईवडील कुठे असतात? शेवटी तो वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर झोपू लागला.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ मध्ये अशा मुलांसाठी आर्थिक मदतीची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या 'मिशन वात्सल्य' योजनेखाली अनुरक्षणासाठी, म्हणजे गृहातून सुटल्यानंतरच्या आधारासाठी, महिना ४,००० रुपये मिळू शकतात, वयाच्या २१ वर्षांपर्यंत, गरज पडल्यास २३. त्याला सुटताना यातलं कुणीच काही सांगितलं नव्हतं. मला याचा फार राग येतो. पोरगा कष्टाला तयार आहे, सरकारने पैसा ठेवलाय, आणि मधला माणूसच नाही!

जिल्हा बाल संरक्षण कक्षाने सुटकेच्या सहा महिने आधीच त्याचा अर्ज, आधार आणि बँक खातं मार्गी लावावं. राहण्याची सोयही तेव्हाच बघावी. आणि अंबड-सातपूरच्या माझ्या कारखानदार बंधूंनो, एकेका मुलाला कामावर घ्या. शिकवायला मी येईन.

– एक वर्कशॉपचालक, सातपूर, नाशिक